तांब्यातला चहा

आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे रेडिओवर डोक्यातल्या कोंड्याचा कार्यक्रम ऐकणं. मला टक्कल आहे.

"लिहून घ्या," अनसा म्हणाली. "अर्धं लिंबू सांगून राहिली ती बाई."

"अन् लावू कुठं? गिरणीच्या जात्याला?"

"उगी बोलू नका. केसं तर गेले, आता कान तरी जाग्यावर ठेवा!"

एवढं बोलून ती स्वतःच खुदूखुदू हसली, बशीतला चहा संपवला आणि कपबशी खाली ठेवली. रेडिओवरची बाई म्हणाली, लिंबात काय कालवायचं ते उद्या याच वेळेला सांगू. दुपारी ज्वारी निवडता निवडता अनसा भिंतीला टेकली. मला वाटलं, डुलकी लागली. डुलकी नव्हती.

ह्याच्यापुढं मी रडगाणं लिहिणार नाही. तिला दोन गोष्टी चालत नव्हत्या, एक रडकी माणसं आणि दुसऱ्या बातम्या. दोन्हीपैकी काहीही सुरू झालं की ती रेडिओचं बटन फिरवायची. (रडकं माणूस रेडिओत नसून समोर बसलेलं असलं तरी बटन फिरवायची! म्हणजे आवाज वाढवायची.) तेव्हा मी तांब्याचीच गोष्ट सांगतो. ती सांगताना तिला लई हसू यायचं. मला यायचं नाही, कारण गोष्टीतला बावळट मी आहे.

मी चौथी नापास. नांदेडात पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. मी कुणाच्या कानात गुपित सांगितलं तर ते नदीपलीकडं ऐकू जातं. अनसा सातवी पास, तेव्हा आमच्या घरात लिहिणं तिच्याकडं आणि वरडणं माझ्याकडं, अशी कामाची वाटणी होती.

आमच्या घरात रेडिओवर राजकारण बंद होतं. कार्यक्रम कसलाही चालायचा. शेळीला जंत झाले तर काय करावं? ऐकायचं. आमच्याकडं शेळी नव्हती, पण गल्लीत कुणाची शेळी शिंकली तरी लोकं मला बोलवायचे. गुडघेदुखी, कैरीचं लोणचं, बाळाचे दात, कोड्यांची उत्तरं, कोंबड्यांची मर, सगळं ऐकायचं. सगळ्यात आवडता कार्यक्रम 'ओसरीवर या'. त्यात एक ताई श्रोत्यांची पत्रं वाचायची आणि जन्माची ओळख असल्यासारखी बोलायची. पण मधीच "आता ऐका ठळक बातम्या" असं झालं, की अनसाचा हात विंचू दिसल्यासारखा बटनावर जायचा.

त्याला कारण मीच.

भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं दुसऱ्याच दिवशी लातूरला तिच्या भावाकडं धावलो. बालाजी तिचा धाकटा भाऊ, एकुलता एक. त्याचं घर उभं होतं, पण जमीन अजून अधूनमधून हलायची, म्हणून सगळी गल्ली बाहेर ताडपत्रीखाली बसलेली. तिकडं गावंच्या गावं मातीत गेलेली, आणि इकडं आम्ही दोघं शहाणे रेडिओवरच्या बातम्या ऐकून भांडत होतो. कशावरून? तर कुणाचा पुढारी आधी पोचला! मी म्हणलं आमचा, तो म्हणला आमचा. त्या दोन्ही पुढाऱ्यांनी आमची तोंडं जन्मात पाहिली नव्हती. मी तावातावात त्याच्या बायकोनं दिलेली चहाची कपबशी दगडावर आपटली आणि म्हणलं, "आजपासून माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई!"

"ठेवला तर बापाचं नाव सांगणार न्हाई!" बालाजी म्हणला.

भूकंपानं त्या घराची एक वीट हलवली नव्हती. मी ते काम केलं.

तेव्हापासून पंचमीला अनसाला न्यायला मुराळी आला नाही. मी तिला म्हणायचो, तू जा की एकटी, तुला कोण अडवलंय? ती म्हणायची, "भाऊ न्यायला आल्याबिगर जायला मी काय पार्सल हाय?" पंचमीला गल्लीतल्या बाया माहेरी निघाल्या, की ही दार लावून रेडिओ मोठा करायची.

पण बहीण-भाऊ बोलायचे! कसे? 'ओसरीवर या'मधून! ही पोस्टकार्ड टाकायची, "नांदेडहून अनसाबाई विचारतात, कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते?" पुढच्या आठवड्यात ताई वाचायची, "लातूरहून बालाजी कळवतात, बरणी उन्हात वाळवावी, आमची आई असंच करायची." दोघंही एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत. सगळा मराठवाडा लोणच्याचं ऐकायचा, आणि आमची ही पदरानं डोळे पुसायची. मी म्हणायचो, "तिखट लागलं का गं?"

बालाजीचं तिकडं बरं चाललं होतं. लातुरात शिकवण्यांचं पीक आलेलं. गावोगावची लेकरं डॉक्टर, इंजिनेर व्हायला तिथं उतरायची आणि खोल्या शोधायची. बालाजीनं माडीवर चार, जिन्याखाली एक असं पोरांना राहायला दिलं. (देवघरातसुद्धा एक पोरगा ठेवलाय आणि देव फळीवर सरकवलेत, असं मी ऐकलं होतं. ते खोटं निघालं. देव तिथंच होते, पोरगा फळीवर होता.)

अशात एक दिवस रेडिओ केंद्राचं पत्र आलं. इतक्या वर्षांची नेमानं लिहिणारी श्रोता म्हणून ताई स्वतः आमच्या घरी येणार, दोघांशी गप्पा मारणार, ते टेप करणार आणि रविवारी सकाळी लावणार! अनसानं ते पत्र अकरा वेळा वाचलं. मग मला समोर बसवून म्हणली, "हे बघा, मला जास्त काही बोलायचं न्हाई. शेवटाला फक्त एवढंच म्हणणार हाय, बालाजी, पंचमी जवळ आली, वाट बघून राहिले. तो ऐकणार म्हणजे ऐकणारच. तुम्ही तेवढं मधी घाण करू नका."

"मी? मी काय करतो?"

तिनं फळीवरच्या कपबश्यांकडं बोट दाखवलं.

मी त्या क्षणी मनात शपथ घेतली. ह्या बाईचं एवढं एक वाक्य लातूरपर्यंत पोचवायचं. कपबशी आपण फोडली, आता जोडायची.

आणि नेमकी तेव्हाच वॉर्डाची निवडणूक लागली.

गिरणीला लागून अजीजभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माणूस लाखात एक, फक्त सल्ला न मागता देतो. तो ताई यायच्या आदल्या दिवशी धावत आला.

"मामू, आचारसंहिता लगी है! रेडिओवाले लई डरतात. किसी पार्टीचं, उमेदवाराचं नाव निकला तो पूरी टेप साफ!"

"नाव कशाला घेतोय मी?"

"नाव छोडो, निशाणी बी न्हाई चालत! ऐसे ही बातों बातों में प्रचार हो जाता."

"आपल्या वॉर्डात निशाण्या कोणत्या हैत?"

अजीजभाईनं बोटावर मोजल्या. कपबशी, पंखा, छत्री, शिट्टी आणि शिलाई मशीन. मी रात्रभर जपासारख्या पाठ केल्या. चौथीला एवढा अभ्यास केला असता तर पाचवीत गेलो असतो!

ताई आली. आवाजावरून वाटायची त्याच्यापेक्षा बुटकी होती. तिनं टेपचं मशीन पाटावर ठेवलं, माईकचं बोंडुक माझ्या तोंडासमोर धरलं आणि हसून म्हणली, "काका, मोकळं बोला. फक्त आचारसंहिता आहे, राजकारणाचं काही यायला नको. नाहीतर सगळं पुसावं लागेल."

म्हणजे अजीजभाई खरं बोलत होता! माझ्या टकलावर घाम फुटला. दारात, खिडकीत सगळी गल्ली उभी. अनसा चहा करायला आत गेलेली.

"काका, तुमची सकाळ कशी सुरू होते?"

"चहानं."

"वा! दोघं मिळून घेता? कपबशीत की पेल्यात?"

पहिल्याच फटक्याला कपबशी! मला तर वाटलं ही बाईच त्या उमेदवाराची माणूस आहे. मी गिरणीच्या आवाजात म्हणलो, "तांब्यात!"

"तांब्यात?"

"एकाच तांब्यात. आधी मी पितो, मग उरला तर ती पिती."

खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात अनसा तबकात चार कपबश्या घेऊन बाहेर आली! चांगल्या, सोनेरी काठाच्या, खास पाहुण्यांसाठीच्या. मी उठून आडवा झालो.

"आत ने! आत ने ते!"

"अहो, पण..."

"तांब्या आण!"

ताईनं बोट ओठावर ठेवून तिला खूण केली, की टेप चालू आहे, बोलू नका. अनसा बिचारी रेडिओची आज्ञा मोडणार कशी? ती गप आत गेली आणि चहा तांब्यात ओतून घेऊन आली. अजीजभाईनं खिडकीतून मला अंगठा दाखवला, म्हणजे शाब्बास!

"उन्हाळा फार असतो हो नांदेडला," ताईनं विषय बदलला. "कसा काढता?"

वर आमचा पंखा गरगर फिरत होता. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"घाम गाळून."

"आणि मावशी?"

"तीबी गाळती. तिला सवय हाय."

"पावसात गिरणीवर कसे जाता मग?"

"भिजत."

"अगबाई! आणि मावशी बाजारात जाताना?"

"तीबी भिजती. गोणपाट घेती डोक्यावर."

आता ताईचा चेहरा उतरायला लागला. तिनं शेवटचा उपाय म्हणून स्वयंपाकाचं विचारलं. मावशींच्या हातची तुरीची डाळ म्हणे त्यांच्या पत्रांतून प्रसिद्ध आहे, कुकरला किती शिट्ट्या देतात?

मी घाबरून कुकरच रद्द केला. "चुलीवर शिजवती. तीन तास. फुकून फुकून."

"मावशी शिवणही छान करतात ना? त्यांनी लिहिलं होतं एकदा."

"हातानं शिवती! सुईनं! रात्रंदिवस!"

असा पाच निशाण्यांतून मी सहीसलामत बाहेर पडलो. एकसुद्धा मत कुणाकडं वळू दिलं नाही. मी छाती फुगवून अनसाकडं बघितलं, आता बोल तुझं वाक्य. ताईनं बोंडुक तिच्याकडं वळवलं, अनसानं पदर सावरला, घसा साफ केला, "बालाजी..." म्हणली, आणि मशीन खटकन थांबलं.

"अय्या, टेप संपली," ताई म्हणली. "काका जरा सविस्तर बोलले ना!"

दुसरी टेप नव्हती. ताईनं तांब्यातला चहा दोन घोट घेतला (तिला वाटलं आमची रीत आहे!), अनसाचा हात हातात धरून "मावशी, काळजी घ्या हो" असं लेकीसारखं म्हणली आणि गेली.

अनसा मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या चार कपबश्या पुसून फळीवर उपड्या घातल्या आणि म्हणली, "जाऊ द्या. पुढच्या पंचमीला बघू." त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

रविवारी अजीजभाईनं दुकानाबाहेर भोंगा लावला. गल्ली जमली. रेडिओतून माझा आवाज आला, "तीबी गाळती. तिला सवय हाय." ह्यापेक्षा भूकंप परवडला, असं मला झालं. माझ्याच तोंडानं माझी किती चांगली वाट लागलीय ते मला तेव्हा कळलं! गल्लीला खरं काय ते माहीत होतं, ते लोटपोट हसले. पण लातूरच्या लोकांना काय माहीत? शेवटी अनसाचं "बालाजी..." एवढंच आलं, तेही असं कापऱ्या आवाजात, की जणू विहिरीच्या तळातून हाक मारतीय. मग एकदम सनई लागली.

सोमवारी सकाळी दहाला घरासमोर टेंपो थांबला.

आधी एक पंखा उतरला. टेबलावरचा. त्याच्या जाळीला कागद चिकटवलेले, त्यावर कसलीतरी इंग्रजी आकडेमोड. (परीक्षा झाली की पोरं पंखे तिथंच सोडून जातात म्हणे. फॅनखाली बसून पाठ करायला ते कागद.) मग कुकर. मग काळी छत्री. मग बायकोचं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन बालाजी उतरला. काखेत कपबश्यांचं खोकं.

त्यानं उंबऱ्याबाहेरूनच आरोळी ठोकली. "आक्का! सामान बांध! ह्या माणसाच्या घरात एक दिस राहायचं न्हाई!"

अनसा पळत बाहेर आली.

"दाजी!" बालाजी माझ्याकडं वळला. "माझ्या घरची कपबशी फोडली ती फोडली. मी गप बसलो. आता घरातल्याबी सगळ्या फोडल्या का? माझी बहीण उष्टा चहा पिती तांब्यातला? गोणपाट घेती? अहो, तुमाला पंखा घ्यायला जमना तर मला एक पत्र टाकायचं होतं!"

"बालाजी, तू आत ये..."

"आत न्हाई येत! बापाचं नाव..."

पण शिलाई मशीन जड असतं. ते डोक्यावर धरून शपथ पाळणं कुणालाच जमत नाही. लटलट कापत तो आत आला आणि मशीन टेकवायला जागा बघू लागला. जागा नव्हती, कारण तिथं अनसाचं मशीन होतं. त्यानं वर बघितलं, पंखा फिरत होता. खुंटीवर दोन छत्र्या. चुलवणाच्या जागी शेगडी आणि तिच्यावर कुकर, त्यानं नेमकी तेव्हाच शिट्टी मारली. फळीवर कपबश्या, मोजून दोन डझन.

बालाजीनं मशीन तिथंच जमिनीवर टेकवलं.

"मग ते रेडिओवर...?"

"आचारसंहिता," मी म्हणलो.

"काय?"

मी त्याला पाचही निशाण्या ओळीनं म्हणून दाखवल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, अनसाकडं बघितलं, आणि मटकन खाली बसून असा हसला, असा हसला, की टेंपोवाला काय झालं म्हणून आत आला. अनसा हसत होती आणि रडत होती, मला वाटतं एका डोळ्यानं एक आणि दुसऱ्यानं दुसरं. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य बोलायची गरजच उरली नाही. मुराळी घरात बसलेला, तोही पंखा घेऊन!

चहा झाला. त्याला सोनेरी काठाची कपबशी. मला तांब्या.

"बरं दाजी," बालाजी बशी फुंकत म्हणला, "एक सांगा, त्या टायमाला कुणाचा पुढारी आधी आल..."

अनसानं रेडिओ लावला. खच्चून.

पंचमीला ती लातूरला गेली आणि चांगले पंधरा दिवस राहिली. मी एकटा इथं रोज 'ओसरीवर या' ऐकायचो. एके दिवशी ताई वाचायला लागली, "लातूरहून अनसाबाई कळवतात, नांदेडच्या एका श्रोत्यानं चहाचा तांब्या चिंचेनं घासावा, नुसता विसळू नये." मी उठलो आणि घासला.

तिथून पुढं बालाजी दर पंचमीला येत राहिला. आम्ही दोघं म्हातारे झालो, त्यालाही टक्कल पडलं, पण बातम्या लागल्या की दोघं शाळेतल्या पोरांसारखे अनसाकडं बघायचो आणि ती बटन फिरवायची.

ती गेली त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत बालाजी आला होता. सगळं आटोपलं. मी रडलो नाही. रडू येईनाच, त्याला मी काय करू? लोकं आपसात कुजबुजायला लागले. "म्हातारा दगड हाय." "आत दाबून ठेवलंय, बरं न्हाई ते, एकदा मोकळं व्हायला पायजे." अजीजभाई गळ्यात पडून माझ्या वाट्याचंही रडला. मी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. शेजारणीनं करून आणलेला चहा कपात होता, तो मी तांब्यात ओतून घेतला. दहा वाजले. मी उठलो आणि रेडिओ लावला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. एक पाव्हणा म्हणला, "आता? असल्या टायमाला?" बालाजी त्याला म्हणला, "गप बसा. लागू द्या."

ठळक बातम्या लागल्या. मी वाट बघितली. मग माझ्या ध्यानात आलं, की बटन आता मलाच फिरवायचंय. फिरवलं. अंदाजानं थोड्या वेळानं परत लावलं, तर बाई म्हणत होती, कालचा कोंड्याचा विषय आज पुरा करू.

मी अनसाची पेन्सिल घेतली. पोस्टकार्डावर माझ्या चौथी नापास अक्षरात लिहिलं, 'आरदं लींबू, दोन चमचे दही, पंधरा मींट.' उठून आत गेलो, कालवलं, न्हाणीत बसलो आणि सगळं टकलाला चोळलं. लिहून घ्या म्हणली होती. काल मी चेष्टा केली होती.

टकलावर काही ठरत नाही. सगळं ओघळून डोळ्यांत आलं. बालाजी दारात येऊन उभा राहिला, त्यानं माझा चेहरा बघितला आणि मागं वळून सगळ्यांना हळूच म्हणला, "रडले. रडले एकदाचे दाजी."

बाहेर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी म्हणणार होतो, अरे बाबा, लिंबू गेलंय डोळ्यांत. पण म्हणलो नाही. अर्ध्या लिंबातून एवढं पाणी निघत नसतं, एवढं तर चौथी नापासालाही कळतं.